काचेपलीकडचे बोलणे

विभागप्रमुख बाईंनी कार्यशाळेचे दार ढकलले की आतले बोलणे नळ बंद करावा तसे थांबत असे. अकरा वर्षे हे असेच चालले होते. दाराआधी एक लांब काच लागे, आणि तिच्यातून दिसणारे चित्र अगदी निराळे असे: मामा प्लास्टरने पांढरे झालेले हात हवेत धरून काही सांगत आहेत, चिमणी हसता हसता टेबलावर वाकली आहे, फोटोग्राफर स्क्रीनवरची नजर न काढता मध्येच एखादा टोमणा फेकतो आहे. दार उघडले की तिघांच्याही माना खाली. "या मॅडम," एवढे एक वाक्य, आणि मग नुसता कानशीचा खरखराट.

ती कार्यशाळा कृत्रिम पायांची होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि औषधांचे गोदाम यांच्या मध्ये. गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसाचा उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्या पेल्याला सॉकेट म्हणतात, आणि या कामातली सारी विद्या त्या पेल्यात असते. उरलेल्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्या घट्ट होईपर्यंत बोटांनी चाचपत राहायचे. हाड वर आले असेल तिथे जागा सोडायची, मांस मऊ असेल तिथे दाबायचे, म्हणजे माणूस उभा राहिला की भार मऊ जागांवर पडतो. याला ते कास्ट घेणे म्हणत. दोन मिलिमीटरची चूक माणसाला चार पावलांत कळते आणि दिवसभर विसरता येत नाही.

कास्टवरून साचा तयार झाला की त्यावर कापडाची नळी चढवून रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा पारदर्शक चीक, ओतले जाई. ते ओतण्याआधी प्रत्येक कारागीर त्या कापडावर पेन्सिलने आपली खूण काढी. मामांची खूण छोटेसे वर्तुळ, चिमणीची दोन रेघांचा पक्षी, फोटोग्राफरचा चौकोन. रेझिन सुकले की खूण आत कायमची बंद होई. सॉकेट उजेडाकडे धरले की दिसे. ही रीत मामांच्याही आधी कुणीतरी घातलेली. पाय परत आला तर कुणाला हाक मारायची ते कळावे, इतकाच तिचा हेतू.

मामांना नोकरीत चौतीस वर्षे झाली होती आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चिमणी चोवीस वर्षांची, दर वर्षी नव्याने होणाऱ्या करारावर आलेली. तिला हे नाव मामांनीच ठेवले, कारण तिचे तोंड म्हणून गप्प बसत नसे. फोटोग्राफर तिशीतला. तो हातातल्या यंत्राने पायाचे मोजमाप थेट स्क्रीनवर उतरवी, म्हणून मामांच्या लेखी तो फोटोग्राफर.

"तुझं यंत्र पायाचा फोटो काढतं रे," मामा म्हणत. "दुखण्याचा काढतं का?"

"पुढच्या मॉडेलमध्ये येणार आहे, मामा. तोवर तुम्ही आहातच."

असली वाक्ये बाईंच्या कानावर येत ती दार पुरते लागण्याआधी, त्या बाहेर पडताना. आत असताना कधी नाही.

सहा-सात महिन्यांपूर्वी वरच्या कचेरीने बाईंना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. वेगवेगळ्या पिढ्यांच्या कर्मचाऱ्यांना कसे सांभाळावे आणि त्यांचा उत्साह कसा वाढवावा, असा विषय. एका निळ्या फाइलमध्ये एक तक्ता मिळाला. पन्नाशीपुढच्यांना मान हवा असतो, मधल्यांना स्पष्टता, तरुणांना लगेच मिळणारी शाबासकी. बाईंनी तो तक्ता परीक्षा असल्यासारखा वाचला. स्वतःचे वय त्यांनी मधल्या रकान्यात शोधले आणि 'स्पष्टता' या शब्दाखाली नकळत रेघ ओढली. परतल्यावर त्यांनी कार्यशाळेत एक पांढरा फळा लावला. प्रत्येकाच्या खुणेपुढे महिन्यात किती पाय पूर्ण झाले आणि किती परत आले, याचे आकडे. सगळे उघड, सगळे स्पष्ट.

पहिल्या दोन महिन्यांत मामांच्या वर्तुळापुढे पाच पाय परत आल्याचा आकडा लागला. मामांनी फळ्याकडे पाठ होईल असे आपले स्टूल फिरवून घेतले. तिसऱ्या महिन्यापासून मात्र चमत्कार झाला. मामांचे परत येणारे पाय शून्यावर आले आणि तिथेच राहिले. चिमणीचे वाढत गेले. चार महिन्यांत सात. बाईंनी अहवालात लिहिले की फळ्यामुळे ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या कामात लक्षणीय सुधारणा झाली आहे. कनिष्ठ कर्मचारी कामाच्या वेळी अनावश्यक बोलते, तिला एकाग्रतेची गरज आहे. हे दुसरे वाक्य लिहिताना त्यांना वाईट वाटले होते, पण त्यांनी ते खोडले नव्हते.

आणि आता, आठवड्याच्या सुरुवातीलाच, संचालक साहेबांचा फोन आला होता. विभागातली एक जागा कमी करायची. शुक्रवारपर्यंत नाव हवे.

"आकडे आहेतच तुमच्याकडे," साहेब म्हणाले होते. "तुमचं फळ्याचं काम छान आहे. निर्णय सोपा जाईल."

निर्णय खरोखरच सोपा होता, आणि तेच बाईंना खात होते. यंत्र चालवणारा एकच, त्याला हात लावता येत नव्हता. मामांना चौदा महिन्यांसाठी घरी बसवावे, तर आकडे त्यांच्या बाजूने. राहता राहिली ती चिमणी.

बुधवारी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, चिमणीपेक्षा वर्षाने लहान. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर बाईंनी विचारले, "तुला तुझ्या कामात उत्साह कशानं येतो गं?"

"आई, हे तू मला विचारतेयस, की तुझ्या त्या निळ्या फाइलसाठी?"

खोटे बोलता आले असते. "फाइलसाठी," बाई म्हणाल्या.

"मग लिही, समोरच्याला फोन ठेवायची घाई नसली की येतो." लेक हसली. "चल, मला मीटिंग आहे. ठेवते."

बाईंनी जेवायला एकच ताट घेतले. कपाट उघडावे, एक ताट काढावे, कपाट लावावे, या कृतीत अलीकडे काहीच विचार लागत नसे, हे त्यांच्या त्या दिवशी ध्यानात आले.

गुरुवारी सकाळी पोस्टमन आला. दिवसाला दहा किलोमीटर चालणारा हा माणूस. त्याचा पहिला पाय सहा वर्षे टिकला होता, आणि दुसरा दोन महिन्यांत परत. तो बाईंच्या केबिनमध्ये बसला, पाय काढला आणि गुडघ्याखालची लाल झालेली जागा दाखवली.

"मॅडम, टपाल हलकं झालंय हो आता, पण हा पाय जड झालाय."

बाईंनी सॉकेट खिडकीकडे धरले. आत दोन रेघांचा पक्षी होता. परत आलेला आठवा पाय. आता तर शंकेलाही जागा उरली नाही.

"आमची ही मुलगी जरा नवीन आहे," त्या म्हणाल्या. "मी बोलते तिच्याशी."

"मुलगी?" पोस्टमन गोंधळला. "अहो, माझा पाय मामांनी केला. दोन्ही वेळेला मामांनीच. ती मुलगी नुसती शेजारी होती, पाय धरून. तुम्ही होतात की समोर! साहेबांना सगळं दाखवायला घेऊन आला होतात, आठवतंय?"

बाईंना आठवले. साहेब, त्यांच्यामागे दोन पाहुणे, आणि त्या स्वतः समजावून सांगत होत्या, की इथे तीन पिढ्या एका छताखाली काम करतात.

"मला त्या दिवशी कसंसंच झालं," पोस्टमन पट्टा गुंडाळत म्हणाला. "माझ्यापुढे एक बाई होत्या, त्यांचा पाय करताना ही दोघं काय बोलत होती! मी बाहेर बाकावर ऐकत होतो. माझी पाळी आली, तुम्ही सगळे आलात, आणि दोघंही चिडीचूप. म्हटलं, आपल्या अंगाला वास बिस येतोय की काय!"

तो आपल्याच विनोदावर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला पुढच्या महिन्याची तारीख दिली, तोवर पिशवीत आणलेला जुना पाय घालायला सांगितले, आणि तो गेल्यावर सॉकेट पुन्हा उजेडाकडे धरले. काम मामांचे, आणि खूण पक्ष्याची.

कुणाचा कास्ट कुणी घेतला त्याची जुनी वही प्लास्टरच्या कोठीत असे. कोठी आणि कार्यशाळा यांच्यामध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत होती. बाई फारशा कधी तिथे जात नसत. चुन्यासारखी पूड कपड्यांवर बसते, आणि प्रमुखाने पांढरे होऊन हिंडणे बरे दिसत नाही. वही काढून त्या पाने उलटू लागल्या, तोच पलीकडून चिमणीचा आवाज आला. अखंड, उड्या मारणारा. कुणा आजींचा कास्ट चालला होता.

"आजी, मांजर पाळलंय म्हणता, मग ते तुमच्या पायात नाही का येत? मामा, इथे हाड. पेन्सिलीच्या टोकाएवढं. दीड बोट बाहेरच्या अंगाला. काय रंगाचं आहे हो मांजर?"

"करडं," आजींचा आवाज.

"करडं! छान. मामा, अजून बाहेर. हां, तिथेच. तिथे सोडा. आणि रात्री पायाशी झोपतं का उशाशी? आता खाली मऊ आहे, मामा. पिकल्या केळ्यासारखं."

"दाबू?"

"दाबा. अजून. बास, बास. माझी मावशी म्हणते मांजर म्हणजे घरातला साहेब. काम शून्य, नजर सगळ्यांवर."

फोटोग्राफर फिसकन हसला. आजीही हसल्या.

बाई वहीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. गेल्या महिन्यात मामांच्या अंगठ्यावर त्यांनी मोठा फोड पाहिला होता. 'रेझिन सांडलं,' असे मामा म्हणाले होते. आणि त्याच दुपारी आपल्या केबिनच्या काचेतून त्यांनी पाहिले होते की चिमणी मामांच्या हातातला वाफाळता पेला काढून घेते, त्याला फुंकर मारते आणि परत देते. बाईंना वाटले होते, लाडात आली आहे. मामांना साखरेचे दुखणे होते हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याने त्यांच्या बोटांची जाणीव नेली होती, हे कुणा एकीला सोडून सगळ्यांना ठाऊक होते.

पलीकडे आजींना व्हरांड्यात बसवून आल्याचा आवाज झाला. मग मामा हलक्या आवाजात म्हणाले, "यावर माझी खूण घालू दे या वेळी."

"नाही, पक्षीच घालणार."

"अगं, किती परत आलेले पाय तुझ्या नावावर घेशील पोरी? तुझा करार व्हायचाय."

"हा नाही येणार परत. मॅडम आत नव्हत्या ना. त्या समोर उभ्या राहिल्या की माझी बोलती बंद होते, आणि मग आपला पाय चुकतो. बाकी तुम्हाला चौदा महिने काढायचेत. मला काय, आयुष्य पडलंय."

"दोन माझ्या नावावर टाका हवं तर," फोटोग्राफर म्हणाला. "यंत्राचा पाय चुकला तर लोक यंत्राला शिव्या देतात."

"तू गप. तुझ्या यंत्राला शिव्या द्यायला मी समर्थ आहे."

तिघेही हसले. बाईंनी वही मिटली. निळ्या फाइलमध्ये जे घडवून आणायला सांगितले होते, ते प्लायवूडच्या पलीकडे केव्हाच घडलेले होते. म्हाताऱ्या हातांचा अंदाज आणि तरुण बोटांची जाणीव मिळून एक कारागीर झाला होता. त्यात त्यांचा एकच वाटा होता: त्या आत आल्या की तो कारागीर मोडे. देखरेखीसाठी त्या जितक्या वेळा समोर उभ्या राहिल्या असतील, तितके पाय बिघडले असतील. आणि कुणाची तरी लाल झालेली जागा त्यांच्या फळ्यावर एक आकडा होऊन लागली असेल.

त्या दुपारी डबा त्यांनी उघडला आणि तसाच बंद केला. केबिनच्या काचेतून तिघे एका टेबलावर जेवताना दिसत होते. पंचवीस वर्षांच्या असताना बाईही त्याच टेबलावर जेवत. मामांनी त्यांचा हात धरून त्यांना पहिला कास्ट शिकवला होता. 'डोळे मीट,' ते म्हणाले होते. 'डोळे उगाच मध्ये मध्ये करतात.' तेव्हा ते त्यांना ताई म्हणत, आणि चिडवायचे असले की ताईसाहेब. बढतीचा कागद आला त्या सकाळी मामा उभे राहिले आणि म्हणाले, "अभिनंदन, मॅडम." त्यात टोमणा नव्हता. मनापासून, आदराने म्हटले होते, आणि म्हणूनच ते परत घ्या म्हणता येईना.

सरळ आत जाऊन 'मला सगळे कळले आहे' असे सांगावे, हा विचार त्यांनी करून पाहिला. पण प्रमुखाला कळले म्हणजे ते कागदावर आले पाहिजे, आणि कागदावर आले की मामांची वैद्यकीय तपासणी, मग घरी बसवणे. खुर्चीत बसून हे माहीत असण्याची सोयच नव्हती. माहीत असायचे तर खुर्ची सोडायला हवी, हे मनात आले तेव्हा त्या स्वतःच दचकल्या. मग शाळकरी मुलीसारख्या नखांकडे बघत बसल्या. स्वच्छ, कोरडी नखे.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला.

"ठरलं नाव?"

"ठरलं. माझं."

"तुमचं काय?"

"माझी जागा कमी करा, साहेब. कामाची वाटणी करायला मला सकाळचा एक तास पुरतो. बाकी दिवसभर मी तक्ते भरते, आणि त्या तक्त्यांवर अहवाल लिहिते. मला बेंचवर घ्या. मी मुळात कारागीरच आहे."

"अहो, पण आकडे स्पष्ट आहेत. ती मुलगी…"

"फळा मी लावला, साहेब, आणि तो चुकीचं मोजतो. पाय कुणा एकाच्या हातचा नसतो. माणसागणिक आकडे मांडले ही माझी चूक. तसं लेखी देते."

"लोक म्हणतील, बाईंना खाली उतरवलं."

"म्हणू देत."

"अकरा वर्षांनी प्लास्टरमध्ये हात घालणार?" साहेबांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि थोडी कंटाळ्याची छटा. "बरं. अर्ज पाठवा. पण दोन महिन्यांनी रडत येऊ नका."

फोन ठेवल्यावर बाई कार्यशाळेत गेल्या, ओल्या फडक्याने फळा पुसला आणि तो उतरवून भिंतीला टेकवून ठेवला. तिघे पाहत राहिले. चिमणीचा चेहरा पडला. फळा पुसला म्हणजे नाव ठरले, असा तिने अर्थ लावला. जागा कुणाची कमी झाली ते बाईंनी एका वाक्यात सांगितले, आणि कुणी काही बोलण्याआधी त्या बाहेर पडल्या. त्यांना आभार नको होते. आले असते तर नको म्हटले नसते, इतकेच.

आभार आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या पांढरा अॅप्रन घालून चौथ्या स्टुलावर बसल्या, आणि कार्यशाळेचा आवाज गेला. पूर्वी तो दिवसातून चारदा जाई, आता दिवसभर. जागा सोडून कुणी बेंचवर येते यावर कुणाचाच विश्वास बसला नव्हता. धुलाईघराच्या नळावर हात धुताना बाईंनी आडून ऐकले.

"पूर्वी काचेतून बघायच्या, आता साहेबांनी डोक्यावरच बसवलंय," फोटोग्राफर म्हणत होता.

"मला तर शिंकायचीही चोरी झालीय," चिमणी म्हणाली.

मामांची कानस चालूच राहिली.

बाईंनी जेवणाच्या टेबलावर डबा नेला, तर तिघांची जेवणे सात मिनिटांत उरकली. दुसऱ्या दिवशी सहा. मामा त्यांना बसायला चांगले स्टूल देत, कानस हाती देताना मूठ त्यांच्या बाजूला करून देत, आणि 'मॅडम' म्हणत. बाईंची बोटे जाड झाली होती, सगळ्याच जागा त्यांना सारख्या लागत. एके संध्याकाळी नखात अडकलेले प्लास्टर काडीने कोरताना त्यांना लेकीला फोन करून हे सांगावेसे वाटले. फोन वाजत राहिला. मग एक संदेश आला: 'कामात आहे, काही खास?' त्यांनी लिहिले, 'नाही.'

तीन आठवड्यांत मामांचे दोन पाय परत आले. दोन्हींत पक्षी. मामांनी ते हातात घेतले, आतून बोट फिरवले, जणू बोटाला काही सांगता येणार होते, आणि ठेवून दिले. चिमणी त्यांच्याकडे बघतही नव्हती. खुर्ची सोडून आपण दारातून आत आलो, बाईंना वाटले, आणि दाराबाहेर असताना जे निदान आपल्या पाठीमागे नीट चालायचे तेही बंद पाडले.

पोस्टमनची तारीख आली. तो बाकावर बसला, जुना पाय काढून शेजारी उभा केला आणि चौघांकडे पाहून म्हणाला, "आज सगळेच? बापरे. ऑपरेशन आहे का?"

कुणी हसले नाही. मामांनी पट्ट्या पाण्यात बुडवल्या, पिळल्या, गुंडाळायला सुरुवात केली. त्यांचे हात अजूनही देखणे होते. पट्टी न बघता वळत होती, एकही चुणी पडत नव्हती. शेवटचे टोक बसले. मामांनी डोळे मिटले. आता पाच मिनिटे, प्लास्टर घट्ट होईपर्यंत. बाजूला चिमणी पाय धरून, बोटे योग्य जागी, आणि ओठ घट्ट मिटलेले. तिने एकदा बाईंकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. मामांचे अंगठे हाडाच्या जागेवरून सरकले, थांबले, पुन्हा सरकले. ते चाचपडत होते. ज्या माणसाने त्यांना डोळे मिटायला शिकवले होते, तो डोळे मिटून अंधारात एकटा उभा होता.

बाई उठल्या. दुसऱ्या बाजूने येऊन त्या पोस्टमनसमोर गुडघ्यावर बसल्या आणि ओल्या प्लास्टरवर त्यांनी आपली बोटे ठेवली. चिमणी दचकली. बाईंनीही डोळे मिटले.

"काय हो," त्या पोस्टमनला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका औपचारिक निघाला की त्यांना स्वतःलाच ऐकवेना. "तुमच्या भागात कुत्री बरीच आहेत का?"

"कुत्री?" पोस्टमन म्हणाला. "आहेत की. का?"

"नाही, सहजच." बोटाखाली काहीतरी होते; की नव्हते? त्यांनी बोट पुन्हा मागे नेले. होते. "मामा, इथे हाड आहे. तुमच्या डाव्या अंगठ्यापासून एक बोट वर. मोठी आहेत का हो कुत्री?"

फोटोग्राफरची खुर्ची कुरकुरली. मामांचे हात जागच्या जागी थांबले होते, आणि प्लास्टर तर कुणासाठी थांबत नाही. बोटांखाली ते कोमट होऊ लागले होते. बाईंना वाटले, चुकले. आता हे हात निघतील, मामा उभे राहतील आणि आदराने काहीतरी म्हणतील.

"एक आहे, तपकिरी," पोस्टमन म्हणाला. "पाकीट बघून भुंकतं. माणसाला काही करत नाही."

मामांचा डावा अंगठा हलला. एक बोट वर गेला.

"इथे?" ते म्हणाले.

"जरासं आत."

"चुकतंय," चिमणी पुटपुटली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "आत नाही, मामा. मॅडमना ते हाड वाटतंय, पण ती शीर आहे. हाड तिच्या खाली. हां. तिथे सोडा." मग क्षणभर थांबून, धाडस केल्यासारखी, "आणि ते कुत्रं, त्याला नाव आहे का काही?"

"असेल. मला कोण सांगतंय."

बाईंनी आपली बोटे शिरेवरून काढून खालच्या मऊ भागावर नेली. प्लास्टर आता झपाट्याने गरम होत होते. मिनिटभर उरले असेल. त्यांना खात्री नव्हती. अकरा वर्षांत त्यांनी खात्री नसलेली एकही गोष्ट मोठ्याने बोलून दाखवली नव्हती.

"इथे मऊ आहे, मामा," त्या म्हणाल्या.

मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात बाईंच्या हाताशेजारी येऊन थांबला.

"किती मऊ, ताई?" त्यांनी विचारले. "नीट सांग."